देव मानत नाही, पण देवघर माझ्या हाती आलंय

प्राजक्त_धनकवडी

मी देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासूनच नाही. लग्न ठरताना हे मी सासरी स्पष्ट सांगितलं होतं. सासूबाईंनी त्यावर एवढंच विचारलं, "प्रसाद खातेस ना?" खाते म्हटल्यावर विषय संपला तो कायमचा. त्या पहाटे आंघोळ करून पूजेला बसायच्या, मी तेवढ्यात डबे भरायचे. आरतीच्या वेळी मी बाहेरच्या खोलीत असले तरी त्यांनी मला कधी आत बोलावलं नाही, आणि त्यांच्या उपासतापासांवर मी कधी बोलले नाही.

त्या यंदा फाल्गुनात गेल्या. सुतकात पूजा बंदच असते, त्यामुळे तेव्हा प्रश्न आला नाही. सुतक फिटल्यावर सासऱ्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "देवांचं तेवढं तू बघशील ना गं?" सासरे ७८ वर्षांचे आहेत. हाताला कंप आहे, खाली बसले तर उठवत नाही. नवऱ्याची श्रद्धा आहे, जेजुरी चुकवत नाही, पण सकाळी पावणेसातला कंपनीच्या बसने भोसरीला निघतो. मला त्या क्षणी नाही म्हणवलं नाही. तेव्हापासून पूजा मी करते.

आमच्याकडे खंडोबा आणि तुळजाभवानीचे चांदीचे टाक आहेत, एक वीराचा टाक आहे, अन्नपूर्णा आहे, बाळकृष्ण आहे. ताम्हणात काढायचे, पाणी घालायचं, पुसायचे, गंध, हळदकुंकू, फूल, निरांजन. कृती अवघड नाही. अवघड जातं ते गंध उगाळणं. सासूबाई डावखुऱ्या होत्या. पूजा उजव्या हाताने करायच्या, पण गंध डाव्यानेच उगाळायच्या. इतक्या वर्षांत चंदनाचं खोड एका बाजूने तिरकं झिजलंय, सहाणेतला खळगाही मधोमध नाही. मी उजव्या हातात धरलं की खोड सहाणेवर नीट टेकतच नाही. ते खोड हातात घेतलं की माझ्या घशात काहीतरी येतं. टाकांकडे बघून मात्र काहीही होत नाही.

मुलगी नववीत आहे. तिने परवा विचारलं, "तू मानत नाहीस, मग करतेस कशाला? आणि बाबा मानतात, तर ते का करत नाहीत?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. सासरे "ती देवाघरी गेली" म्हणतात आणि त्याने त्यांना धीर येतो, हे मला दिसतं. संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या पारावर जाऊन बसतात, तिथे त्यांच्या वयाची चार माणसं भेटतात. माझ्या लेखी सासूबाई कुठेही गेलेल्या नाहीत, त्या आता नाहीत, एवढंच. हे मला पूर्ण पटतं. पण त्या गेल्यावर पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, शेजारच्यांनी पहिल्या रात्री पिठलं-भात आणून दिला, रोज कोणी ना कोणी येऊन बसत होतं. चौदाव्या दिवसापासून सगळं थांबलं. तेव्हापासून हे दुःख घेऊन कुठे जायचं ते मला कळत नाही.

ज्यांनी देवाशिवाय बरीच वर्षं काढली आहेत आणि घरातलं माणूसही गमावलं आहे, त्यांना विचारते. तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत? "अनुभव आला की मानशील" आणि "सगळं नदीत सोडून मोकळी हो" हे दोन्ही सल्ले मिळून झाले आहेत, कृपया तेच पुन्हा देऊ नका.

---

शनिवारपेठ_१९५२

ताई, मी उभा जन्म चळवळीत काढला आणि मी पक्का नास्तिक आहे. तरी तुम्ही जे करताय त्यात मला तत्त्वाशी गद्दारी दिसत नाही.

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावरून जो वाद-संवाद करायचे, तो मी ऐकलेला आहे. लागू सांगत की परमेश्वर ही कल्पनाच आता निवृत्त करायला हवी. दाभोलकर शेजारीच बसलेले असत आणि म्हणत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा झगडा देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे, कुणी देव मानतो म्हणून त्याच्याशी नाही. दोघांचं या मुद्द्यावर जुळत नव्हतं आणि दोघंही गावोगाव एकत्र फिरले. मी विचाराने लागूंच्या बाजूचा. पण लोकांच्या घरात शिरायचं असेल तर दाभोलकरांची रीतच चालते, हे चाळीस घरं पालथी घातलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा.

या शहरात न मानण्याची किंमत काय होती तेही लक्षात घ्या. आगरकर हयात असताना त्यांची प्रेतयात्रा पुण्यातल्या रस्त्यांवरून काढली होती. ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि चाळिशीही न गाठता १८९५ साली गेले. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला "प्रसाद खातेस ना" एवढंच विचारून पंधरा-वीस वर्षं शांतपणे नांदू दिलं. अशी घरं फार थोडी आहेत. ते घर मोडू नका.

पण एक सांगतो. तुम्ही सासऱ्यांसाठी पूजा करता, ही सेवा झाली. तिला वर्ष झालं, दोन वर्षं झाली की ती तुमची जबाबदारी ठरते, आणि मग कुणी विचारतही नाही. मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

---

चिकित्सक_३१

वरच्या प्रतिसादाशी असहमत. नववीतली मुलगी रोज बघते आहे की आई मनात एक ठेवते आणि हाताने दुसरं करते. ती यातून हेच शिकणार की न पटणारं काम बाईने घरच्या शांततेसाठी करायचं असतं.

राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये सद्‌सद्‌विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, ते न मानणाऱ्यालाही तितकंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं, की कोणत्याही नागरिकाला आपला धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि "माझा कोणताही धर्म नाही" असं म्हणण्याचा त्याला हक्क आहे. सरकारला जे तुमच्यावर लादता येत नाही ते घरच्यांनी गोड बोलून का लादावं? मी माझ्या घरी सरळ सांगितलंय की मी गणपतीत सजावट करीन, मांडव घालीन, भांडी घाशीन, पूजेला बसणार नाही. सुरुवातीला आईने अबोला धरला. आता कुणी काही म्हणत नाही.

टाकांचं म्हणाल तर ते चांदीतलं जुनं ठोकीव काम आहे. जपून ठेवा. त्यासाठी पूजा लागत नाही.

---

कऱ्हाकाठची

मी देव मानते. खंडोबा आमचंही कुलदैवत, माहेर सासवडकडचं. प्राजक्तताई, तुम्ही विचारलंय न मानणाऱ्यांना, तरी लिहिते, कारण टाकांविषयी इथे कोणाला काही ठाऊक दिसत नाही.

कुलदैवत एका बाईच्या गळ्यात बांधलेलं नसतं. ते भावकीचं असतं. तुम्हाला जमणार नसेल तर चुलत दिरांपैकी कोणीही टाक घेऊन जाऊ शकतं, आणि ते आनंदाने नेतात. टाक झिजले, पुसट झाले तर सोनाराकडून उजळून घेतात, नाहीतर नवे घडवतात. रोज ताम्हणात काढून अंघोळ घातलीच पाहिजे असंही नाही. आमच्याकडे रोज फक्त दिवा आणि एक फूल, साग्रसंगीत पूजा आठवड्यातून एकदा. खंडोबाचा वार रविवार. भोसरीला असतात म्हणजे तुमच्या मिस्टरांची सुट्टी गुरुवारी असेल. मग गुरुवारी करू दे त्यांना. देव वार बघून रुसत नाही. पण ज्याचा देव त्याने हात ओला करावा, हे मात्र मी अगदी स्पष्ट सांगते. श्रद्धा पुरुषांची आणि ताम्हण घासायचं बायकांनी, हे देवाने सांगितलेलं नाही.

सासऱ्यांना खाली बसवत नाही तर देवघर खाली का? कमरेएवढ्या टेबलावर घ्या, समोर खुर्ची ठेवा. हात कापतो म्हणून निरांजन नको असेल तर समई तुम्ही किंवा मुलीने लावून द्या, फुलं ते वाहतील. माझे वडील शेवटची कितीतरी वर्षं असेच खुर्चीत बसून पूजा करत होते. पूजा हातातून काढून घेतली तर म्हातारं माणूस दिवसभर करणार काय?

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, आणि हे मी भांडायला म्हणून लिहीत नाही. चौदाव्या दिवसापासून सगळं थांबलं म्हणालात. पण त्याआधीचे तेरा दिवस माणसं आली ती का आली? दहाव्याला यायचं, तेराव्याला यायचं, हे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या नात्यातले एक गृहस्थ नास्तिक होते. "माझ्यामागे काही करू नका" असं लिहून गेले. घरच्यांनी त्यांचा शब्द पाळला. पण मग लोकांना कळेचना कधी जायचं. "आज जावं का उद्या" करता करता महिना उलटला. त्यांची बायको त्या महिन्यात एकटी बसून होती. मी स्वतः उशिराच पोहोचले. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "आज काय विशेष?" ते शब्द मला अजून ऐकू येतात. तुम्ही लोकांनी दहावं-तेरावं काढून टाकलंत, ठीक आहे. पण त्या जागी तारीख कोणती ठेवलीत?

---

निर्मिक_गंजपेठ

कऱ्हाकाठच्या ताईंचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यांत खरा प्रश्न आहे. आणि तो पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी अगदी गांभीर्याने घेतला होता.

जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो २४ सप्टेंबर १८७३ ला. फुले नास्तिक नव्हते, निर्मिक म्हणजे सृष्टीचा निर्माता मानत होते, हे आधी सांगतो, कारण त्यांना सरसकट नास्तिकांच्या यादीत घालणं बरोबर नाही. त्यांनी काढून टाकला तो मधला दलाल. पण लग्न म्हणजे नुसती सही, असं त्यांनी केलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस भटजीशिवाय पहिलं सत्यशोधकी लग्न लागलं. मंगलाष्टकं त्यांनी स्वतः मराठीत नव्याने रचली. त्यात वधू आणि वर एकमेकांना वचन देतात, नवरी वराकडे स्वातंत्र्याचा हक्क मागते. मांडव राहिला, अक्षता राहिल्या, माणसं राहिली. माणसाला विधी लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. १८९० मध्ये ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं.

आमच्या घरात तीन पिढ्या कर्मकांड नाही. पण कोणी गेलं की दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता बैठक असते. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणाला वेगळं बोलावत नाही. गेलेल्या माणसाचा फोटो, हार, आणि प्रत्येकाने उठून त्याची एक आठवण सांगायची. खरी सांगायची. माझ्या चुलत्याच्या बैठकीत एका माणसाने उठून सांगितलं की यांनी माझे पैसे बुडवले होते आणि नंतर हळूहळू फेडले. सगळे गप्प झाले. पण चुलत्याची तीच ओळख आज माझ्या मनात सर्वांत ठसठशीत आहे. त्यानंतर वर्षभर दर महिन्याच्या त्याच रविवारी ज्याला जमेल तो येतो. चहा होतो. बाकी काही नाही.

शनिवारपेठ काकांनी ज्या पुलाचं लिहिलं, तिथे दर २० ऑगस्टला सकाळी माणसं जमतात. ती तारीख कोणत्याही पंचांगात नाही. ती लोकांनी धरून ठेवली म्हणून टिकली.

प्राजक्तताई, सासऱ्यांना वर्षश्राद्ध करायचं असेल आणि तुम्हाला न कळणाऱ्या मंत्रांचा कंटाळा असेल, तर ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित मराठीत अर्थ सांगत विधी करतात, त्यात स्त्रियाही आहेत. तुम्ही मानत नसलात तरी काय चाललंय ते निदान समजेल. सासरेही ऐकतील.

---

प्राजक्त_धनकवडी

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काल गुरुवार होता, नवरा घरी होता. मी त्याला आणि सासऱ्यांना एकत्र बसवून बोलले.

देवघर टेबलावर घ्यायचं ठरलं. सुतार उद्या येतोय. रोज दिवा आणि फुलं सासरे वाहणार, गुरुवारची टाकांची पूजा नवरा करणार. त्याने आधी "तुला जमतंय की" म्हणून बघितलं. त्यावर मुलगीच म्हणाली, "तिला जमतंय, पण तिचा तो देव नाही." सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तू रोज करत होतीस ते मला कळत होतं गं, मी बोललो नाही." मी पूजा सोडली. फुलं मात्र मीच काढून देणार, कारण गच्चीवरची तगर, जास्वंद आणि प्राजक्त सासूबाईंनी लावलेली आहेत आणि त्यांना पाणी मीच घालते. चिकित्सक, तुमचा प्रतिसाद मला टोचला, पण मुलीला तोंड फुटलं त्यात तुमच्या मुद्द्याचाही वाटा आहे. मी तिला तो वाचून दाखवला होता.

आता तारखेविषयी. कऱ्हाकाठची ताई, तुमच्या "आज काय विशेष"वरून मला रात्री झोप लागली नाही.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. माझ्या जगण्याला अर्थ कुठून येतो असं कोणी विचारलं, तर मी त्या खोलीकडे बोट दाखवीन. प्लेटलेटची पिशवी २० ते २४ अंशांत ठेवावी लागते आणि सतत हलती ठेवावी लागते, आणि तरी ती पाच दिवसांत संपते. लाल पेशी २ ते ६ अंशांत महिनाभर टिकतात, प्लेटलेट नाहीत. पावसाळ्यात डेंगीची साथ आली की रात्री फोन वाजत राहतात. मी शेल्फवरच्या तारखा बघून जुनी पिशवी पुढे काढते, गट जुळवते, पुन्हा तपासते, देते. ती कोणाच्या हातात टोचली गेली ते मला कधीच कळत नाही आणि कळण्याची गरजही वाटत नाही. तिथे चूक चालत नाही, आणि मी तिथे असल्याने काहीतरी फरक पडतो. मला एवढं पुरतं. हे मी कधी सासूबाईंना सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते माहीत होतं असं मला वाटतं.

कारण गणेशोत्सवात मंडळाचं रक्तदान शिबिर असलं की त्या स्वतःच्या भजनी मंडळातल्या बायकांना घेऊन यायच्या. त्यांचं स्वतःचं वय रक्तदानाच्या पलीकडे गेलेलं, पण बाकीच्यांना घेऊन यायच्या. आणि दर वेळी त्यातल्या बहुतेक जणींना परत पाठवावं लागायचं. रक्त द्यायला हिमोग्लोबिन निदान १२.५ लागतं. बायका यायच्या साडेनऊ, दहा, साडेदहाच्या. तरण्या बायकासुद्धा. दुसऱ्यांसाठी भाकऱ्या थापणाऱ्या, चतुर्थी आणि एकादशी दोन्ही धरणाऱ्या. एका वर्षी सासूबाई माझ्यावर जवळजवळ चिडल्या, "अगं, सगळ्या परत कशा?" मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले. पुढच्या भजनाला त्यांनी सगळ्यांना सांगितलं की उपास करायचा तर खजूर, राजगिरा, शेंगदाणे खाऊन करा, आणि एरवी पालेभाजी आणि नाचणी ताटात हवीच, लिंबू पिळून. त्यांनी हे देवाचं नाव घेऊनच सांगितलं. दोन जणींचं हिमोग्लोबिन पुढच्या वर्षी बाराच्या वर गेलं होतं.

म्हणून आम्ही ठरवलंय की त्या गेल्या त्या दिवशी दर वर्षी घराखालच्या पार्किंगमध्ये भजनी मंडळातल्या आणि सोसायटीतल्या बायकांची हिमोग्लोबिन तपासणी करायची. रक्तदान नाही, फक्त तपासणी. ज्यांचं कमी निघेल त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. पहिल्यांदा मी आणि आमच्या पेढीतल्या दोघी मैत्रिणी करू. नंतर चहा, आणि निर्मिक यांच्या घरी करतात तसं, प्रत्येकीने सासूबाईंची एक आठवण सांगायची. खरी. त्या तापट होत्या, तेही कोणीतरी सांगेलच.

भजनी मंडळाच्या प्रमुख बाईंना काल फोन केला. त्या म्हणाल्या, सुरुवातीला एक अभंग म्हणू का आम्ही? म्हणा, म्हटलं. त्यांचं भजन मी इतकी वर्षं बाहेरच्या खोलीतून ऐकलं आहे, मला ते आवडतं.

सासरे वर्षश्राद्धाला फाल्गुनातली तिथी धरणार आहेत. मी मार्चमधली तारीख धरणार आहे. दोन्ही एकाच दिवशी क्वचितच येतील, म्हणजे दर वर्षी घरात दोनदा माणसं येतील. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही दिवस भिंतीवरच्या पंचांगात खुणा करायला मुलीला पेन आणायला सांगितलं.